पहिल्या दिवसाचे खेळ

टीकाकाराच्या शब्दसंग्रहांत कांहीं शब्द असे असतात कीं, ते दिसावयास लहान, पण त्यांच्या आड मोठमोठे दोष सुखानें लपून बसतात. 'म्हणून' हा त्यांपैकींच एक. 'नवशिक्या नटाचें काम म्हणून ठीक', 'पहिलीच कादंबरी म्हणून बरी', अशा वाक्यांत बोलणाराच्या मनांत स्तुति नसते. ऐकणाराच्या कानावर मात्र ती स्तुति होऊनच पडते. ज्या व्यवसायांत ह्या शब्दाचा सध्यां अगदीं सुळसुळाट झाला आहे, तो व्हिडिओ गेमचा. हे खेळ खेळावयाचें नवें यंत्र, ज्याला आतां आपल्याकडेहि 'कन्सोल' असेंच म्हणतात, बाजारांत आलें कीं त्याच्याबरोबर दहा-वीस खेळहि विक्रीस मांडले जातात. आणि त्यांचें परीक्षण करणारे लेखक बहुधा एकाच सुरांत लिहितात, 'पहिल्या दिवसाचा खेळ म्हणून वाईट नाहीं.' आमचें भांडण ह्या एका वाक्याशीं आहे. तें खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं; तें खरें असूनहि परीक्षकानें लिहूं नये असें आहे, कारण त्यानें पैसे घेणाराची सोय होते आणि पैसे देणाराची दिशाभूल होते.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत ही खेळांची चर्चा कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस आमचें उत्तर थोडक्यांत असें. कथा, चित्र, संगीत आणि अभिनय ह्या चारहि कलांची गांठ आज ह्या खेळांत पडते. आपल्या घरांतील मुलें, आणि खरें बोलावयाचें तर मुलांचे बापहि, ज्या संध्याकाळी पूर्वीं कादंबरीला किंवा नाटकाला देत, त्या आतां ह्या खेळांस देतात. जेथें अभिरुचि घडते किंवा बिघडते, तेथें टीकेनें पोंचलेंच पाहिजे. आणि तेथील टीका जर विक्रेत्याच्या दाराशीं उभी राहून गिऱ्हाइकांस आंत बोलावूं लागली असेल, तर तिचा कान धरणें हें वाङ्मयाच्या मासिकाचें कामच आहे.

शिवाय येथें प्रश्न केवळ रुचीचा नाहीं, गांठच्या पैशाचाहि आहे. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन ५ हें यंत्र भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं विक्रीस आलें, तेव्हां त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. आणि त्यावरील मोठ्या खेळांपैकीं एकेकाला जवळजवळ पांच हजार रुपये पडत. मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला पन्नास हजारांची वस्तु म्हणजे जातां जातां घेण्याची वस्तु नव्हे. दिवाळीचा बोनस, आजोबांनीं वाढदिवसाला दिलेले पैसे आणि पुढल्या वर्षीं कांहीं मागणार नाहीं अशी मुलाची शपथ, इतकें सगळें एकत्र यावें तेव्हां ती घरांत येते.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं असें एक यंत्र, तें निघालें त्याच सुमारास, आलें. पहिल्या रविवारीं शेजारचीं मुलेंहि जमलीं. यंत्राबरोबर मोठ्या किंमतीला घेतलेला खेळ दुसऱ्या रविवारच्या आंत संपला, आणि तिसऱ्या रविवारीं आम्ही गेलों तेव्हां त्या यंत्रावर घरची मंडळी चित्रपट पाहत बसली होती. पण आम्हांस चमत्कारिक वाटलें तें पुढेंच. खेळ कसा निघाला, असें विचारतां तो चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला, "काका, सुरुवातीचा गेम आहे ना, म्हणून ठीक आहे. पुढचे चांगले येतील." परीक्षकांचा तो 'म्हणून' इतक्या कोवळ्या वयांत त्याच्या तोंडीं बसला होता! ज्या वयांत 'हें मला आवडलें नाहीं' असें ठणकावून सांगावें, त्या वयांत तो विकणाराची वकिली करीत होता. कारण आईबापांचे इतके पैसे आपल्या हट्टापायीं व्यर्थ गेले, हें कबूल करणें त्याला जड जात होतें.

पहिल्या दिवसाचे खेळ बहुधा कच्चे असतात, ही गोष्ट वादाची नाहीं. सेगा ह्या जपानी कंपनीनें आपलें सॅटर्न यंत्र अमेरिकेंत सप्टेंबर १९९५ मध्यें आणावयाचें जाहीर केलें होतें. प्रतिस्पर्धी सोनीचें यंत्रहि त्याच महिन्यांत येणार हें दिसत असतां, ११ मे १९९५ रोजीं लॉस एंजेलिस येथील प्रदर्शनांत, 'आमचें यंत्र आजपासूनच दुकानांत आहे,' अशी अकस्मात् घोषणा सेगानें केली. यंत्र चार महिने आधीं आलें; परंतु खेळ कांहीं कोणाच्या सांगण्यावरून चार महिने आधीं पिकत नाहींत. बाहेरच्या ज्या कंपन्या सप्टेंबर धरून काम करीत होत्या त्यांचे खेळ तयार नव्हते, आणि सेगाचे स्वतःचे जे मूठभर होते त्यांतल्या कांहींवर घाईच्या खुणा उघड दिसत होत्या. 'डेटोना यूएसए' ह्या मोटारींच्या शर्यतीच्या खेळांत पुढचा रस्ता आणि डोंगर खेळणाराच्या डोळ्यांदेखत तुकड्यातुकड्यांनीं उगवत. 'व्हर्चुआ फायटर' ह्या द्वंद्वयुद्धाच्या खेळाची सुधारलेली आवृत्ति कंपनीला पुढें अमेरिकेंतील नोंदणी केलेल्या गिऱ्हाइकांस फुकट पाठवावी लागली. विकलेल्या मालाची दुरुस्ती घरपोंच करण्याची पाळी यावी, ह्याहून स्पष्ट कबुलीजबाब कोणता पाहिजे?

दुसरें उदाहरण ह्याहूनहि बोलकें आहे. निन्टेन्डो कंपनीनें २६ फेब्रुवारी २०११ रोजीं जपानांत, आणि पुढल्या महिन्यांत अमेरिकेंत, थ्रीडीएस हें हातांत धरून खेळावयाचें यंत्र आणलें. चष्म्यावांचून चित्राला खोली देणारा पडदा हें त्याचें अपूर्व. पण तें अपूर्व पाहावयाचें कशांत? ज्या मारिओच्या खांद्यावर ही कंपनी उभी आहे, त्याचा एकहि नवा खेळ पहिल्या दिवशीं नव्हता. अमेरिकन गिऱ्हाइकापुढें होता तो एक विमानें उडविण्याचा खेळ, एक पाणबुडीचा, एक कुत्र्यांचीं पिलें पाळण्याचा, आणि बाकी बरेचसे जुन्या ओळखीचे खेळ नव्या पोशाखांत. यंत्राची अमेरिकेंतील किंमत सुमारें २५० डॉलर होती. ती ऑगस्टांत एकदम १७० वर आली. जपानांत २५,००० येनांचें यंत्र १५,००० येनांस मिळूं लागलें. कंपनीचे अध्यक्ष सातोरु इवाता यांनीं आपला पगार निम्म्यावर आणला, आणि ज्यांनीं आधींची पूर्ण किंमत मोजली होती त्यांस वीस जुने खेळ फुकट देऊन कंपनीनें त्यांची समजूत घातली. नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत मारिओचे दोन चांगले खेळ आले आणि यंत्राचें नशीब फिरलें. अखेरीस त्याचे साडेसात कोटींहून अधिक नग खपले.

ह्या प्रकरणांत इवाता यांचा प्रामाणिकपणा आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. स्वतःच्या पगाराला हात लावणारे अध्यक्ष कोणत्याहि धंद्यांत फार नाहींत. पण तात्पर्य काय निघालें? जो गिऱ्हाईक सर्वांत उत्सुक आणि सर्वांत विश्वासू, त्यानेंच सर्वांत अधिक पैसे दिले आणि सर्वांत कमी पदरांत पाडून घेतलें. जो हात आवरून बसला, त्याला यंत्र स्वस्त मिळालें आणि खेळहि मिळाले. ज्या बाजारांत भक्ताला दंड आणि उदासीनाला बक्षीस, त्या बाजाराची नीति उलटी आहे असेंच म्हणावें लागतें.

कारखानदारांच्या बाजूनें जें बोललें जातें, तें आतां न्यायानें ऐकून घेऊं. ते म्हणतात कीं, यंत्राचें अखेरचें स्वरूप फार उशिरां ठरतें, आणि तोंपर्यंत खेळ रचणारांस कच्च्या नमुन्यावर अंदाजानें काम करावें लागतें. सॅटर्नच्या पोटांत दोन मुख्य प्रोसेसर होते. त्या दोघांना एका जुवाखालीं नीट चालविण्याचें कसब थोड्यांनाच साधलें. प्लेस्टेशन ३ मधल्या 'सेल' नांवाच्या प्रोसेसरनें २००६ नंतर कित्येक कसलेल्या मंडळींची अशीच परीक्षा पाहिली. दुसरें असें कीं, पहिल्या दिवशीं यंत्र थोड्याच घरांत असतें. म्हणून फार खर्चाचा खेळ केवळ त्याच्यासाठीं करणें परवडत नाहीं, आणि केला तर तो जुन्या यंत्रावरहि चालेल असा करावा लागतो. तिसरें कारण नाताळचें. अमेरिकेंत आणि युरोपांत खेळण्यांच्या व्यापाराचा मोठा हंगाम तो. तेव्हां यंत्र त्यापूर्वीं दुकानांत लागलेंच पाहिजे. अमेरिकेंतल्या तारखाच पाहा ना: एक्सबॉक्स नोव्हेंबर २००१, एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५, प्लेस्टेशन ३ आणि वी हीं दोन्ही नोव्हेंबर २००६, वी यू नोव्हेंबर २०१२, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन नोव्हेंबर २०१३, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सची नवी जोडी नोव्हेंबर २०२०. निरनिराळ्या कारखान्यांतलीं इतकीं यंत्रें नेमकीं एकाच महिन्यांत 'तयार' व्हावींत, हा योगायोग एखाद्या ज्योतिष्यालाच उलगडावा!

हीं तिन्ही कारणें खरीं आहेत. पण कारण सांगणें वेगळें आणि समर्थन करणें वेगळें. चूल ओली होती म्हणून भाकरी कच्ची राहिली, हें कारण आम्हांस पटेल; परंतु खाणावळवाल्यानें त्या भाकरीचे पूर्ण पैसे मागावेत आणि शेजारीं बसलेल्या जाणत्यानें 'ओल्या चुलीवरची म्हणून बरी आहे' असें आम्हांस समजवावें, हें पटणार नाहीं. चुलीची अडचण ही खाणावळवाल्याची अडचण आहे. तिचा भार जेवणाराच्या पानांत वाढण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

शिवाय ह्या तीन कारणांतलें पहिलें आणि सर्वांत भारदस्त कारण वाटतें तितकें भक्कम नाहीं. यंत्राची पुरती ओळख झाल्यावांचून उत्तम खेळ होतच नाहीं, हें खरें असतें तर १९८९ सालची गोष्ट घडली नसती. त्या वर्षीं निन्टेन्डोनें गेम बॉय हें खिशांत मावणारें यंत्र काढलें. त्याचा पडदा हिरवट आणि त्यावर छटा अवघ्या चार. अमेरिकेंत त्याच्या पेटींतच 'टेट्रिस' हा खेळ घालून दिला होता. हा खेळ अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनीं १९८४ सालीं मॉस्को येथें ज्या संगणकावर रचला, त्याला चित्रें काढतां येत नव्हतीं. पडणारे ठोकळे अक्षरांच्या मुद्रांतल्या कंसांनीं दाखवावे लागत. तोच खेळ गेम बॉयवर लक्षावधि लोकांनीं वर्षानुवर्षें खेळला, आणि तो 'पहिल्या दिवसाचा म्हणून बरा' असें म्हणण्याची पाळी कोणावर आली नाहीं. म्हणजे उणीव असते ती बहुधा यंत्राच्या ओळखीची नव्हे, कल्पनेची आणि वेळेची.

ज्या पहिल्या दिवसांची आठवण रसिक अजून काढतात, ते आतां पाहूं. २१ नोव्हेंबर १९९० रोजीं जपानांत सुपर फॅमिकॉम हें यंत्र निघालें, तेव्हां त्याच्याबरोबर खेळ होते दोन: 'सुपर मारिओ वर्ल्ड' आणि 'एफ-झीरो'. दोनच, पण ते दोन खेळ अजून खेळले जातात. निन्टेन्डो ६४ हें यंत्र १९९५ सालीं यावयाचें होतें. तें लांबलें, आणि २३ जून १९९६ रोजीं जपानांत तीन व सप्टेंबरांत अमेरिकेंत दोन खेळ घेऊन आलें. त्यांतला 'सुपर मारिओ ६४' हा पुढच्या सर्व त्रिमिति खेळांचा ओनामा ठरला. अंगठ्यानें हवी तितकी हलकी किंवा जोराची कलती करतां येणारी दांडी त्या यंत्राच्या हातळ्यावर होती; ती दांडी आणि त्या खेळांतली मारिओची चाल हीं एकमेकांकडे पाहून घडविलीं होतीं. २००६ सालच्या वी यंत्राबरोबर जपानाबाहेर बहुतेक सर्वत्र 'वी स्पोर्ट्स' हा खेळ फुकट मिळे. हातांतली कांडी टेनिसच्या बॅटीसारखी फिरवावी, कीं पडद्यावर चेंडू टोलविला जाई. ज्या आजीनें जन्मांत व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता, तिलाहि तो शिकविण्यास दोन मिनिटें पुरत.

दुसऱ्या प्रकारचीं उदाहरणें ह्यांहून वेगळीं. एक्सबॉक्सला २००१ सालीं ज्यानें उभें केलें तो 'हेलो' मुळांत १९९९ सालीं ॲपलच्या मॅकिंतॉश संगणकाच्या मेळाव्यांत दाखविला गेला होता. तो रचणारी बंजी ही संस्था मायक्रोसॉफ्टनें नंतर विकत घेतली. निन्टेन्डो स्विच ३ मार्च २०१७ रोजीं आलें तेव्हां ज्या खेळामुळें लोकांनीं त्यावर उडी घातली, तो झेल्डा मालिकेंतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मुळांत त्याच्या आधल्या, फसलेल्या वी यू यंत्रासाठीं योजिला होता. तो २०१५ सालीं यावयाचा. पण पुरा होईना म्हणून दोनदां पुढें ढकलला गेला, आणि अखेर दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशीं प्रकट झाला.

हीं उदाहरणें एका ओळींत मांडलीं कीं एक नियम हातीं लागतो, आणि आमच्या मतें ह्या सगळ्या वादाचें मर्म तोच आहे. पहिल्या दिवशीं जे खेळ खरोखर उत्तम ठरले, ते एक तर यंत्राचें जुळें भावंड होते, नाहींतर थोरलें. जुळें, म्हणजे यंत्र आणि खेळ एकाच बुद्धींतून, एकमेकांस घडवीत जन्मलेले. मारिओ ६४ आणि वी स्पोर्ट्स हे त्यांतले. थोरलें, म्हणजे त्या तारखेशीं ज्यांचा जन्मतः संबंधच नव्हता, जे आपल्या गतीनें आधींपासून वाढत होते आणि योगानें त्या दिवशीं पंक्तीला बसले. टेट्रिस, हेलो, झेल्डा हे त्यांतले. तिसरा वर्ग राहतो तो तारखेबरहुकूम बेतून शिवलेल्या खेळांचा, आणि 'म्हणून ठीक' हें प्रशस्तिपत्र ज्यांस लागतें ते सगळे बहुधा ह्याच वर्गांतले. दोष पहिल्या दिवसाचा नाहीं. दोष त्या दिवसासाठीं लिहून घेण्याचा आहे.

आपल्याला हा अनुभव परका नाहीं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढल्यापासून आपलें कितीतरी लेखन दिवाळीच्या तारखेला बांधलें गेलें आहे. त्या अंकांतली टिकलेली कथा आणि त्या अंकांसाठीं ऑगस्टांत तगादा लावून उपसलेली कथा ह्यांतला भेद कोणत्याहि संपादकास विचारावा! उलट पक्षीं, अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चार अंकांचाच. सात अंक पुरे झाले नव्हते, म्हणून उरलेले तीन कसेबसे उरकून त्यांनीं प्रेक्षकांपुढें ठेवले नाहींत. जें तयार होतें तेवढेंच दाखविलें, आणि मराठी संगीत रंगभूमीचा पाया त्या चार अंकांनींच घातला. दोन खेळांनिशीं आलेला सुपर फॅमिकॉम आम्हांस ह्याच जातीचा वाटतो.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे, म्हणून त्याची टाळाटाळ करणें बरें नाहीं. प्लेस्टेशन २ हें यंत्र २६ ऑक्टोबर २००० रोजीं अमेरिकेंत आलें तें पंचविसांहून अधिक खेळ घेऊन. त्यांत 'एसएसएक्स'सारखा एखादा अपवाद सोडला तर आज फारसें कोणाला कांहीं आठवत नाहीं. तरी तें यंत्र पंधरा कोटींहून अधिक खपलें. उलट सेगाचें ड्रीमकास्ट ९ सप्टेंबर १९९९ रोजीं अमेरिकेंत आलें तेव्हां त्याच्याबरोबर 'सोल कॅलिबर'सारखा सर्वांगसुंदर खेळ होता. तरी २००१ च्या मार्चपर्यंत तें बंद झालें. तेव्हां पहिल्या दिवसाच्या खेळांवर कांहीं अवलंबून नसतें, असें आमचे प्रतिपक्षी म्हणतील.

यंत्राच्या खपाविषयीं बोलावयाचें असेल तर आम्हीहि तेंच म्हणूं. प्लेस्टेशन २ घेणाराला त्यांत डीव्हीडीवरचे चित्रपट पाहण्याची सोय स्वस्तांत मिळत होती, आणि मागल्या यंत्राच्या लौकिकावर त्याचा विश्वासहि होता. एका वर्षांत 'ग्रान टुरिस्मो ३', 'इको', 'ग्रँड थेफ्ट ऑटो ३' आणि 'मेटल गिअर सॉलिड २' आले आणि तो विश्वास सार्थ ठरला. पण सोनीचा जय झाला म्हणून पहिल्या दिवसाचे ते खेळ चांगले ठरत नाहींत, आणि ड्रीमकास्ट बुडालें म्हणून 'सोल कॅलिबर' वाईट ठरत नाहीं. परीक्षक हा भागीदारांचा हिशेबनीस नव्हे. त्यानें खेळ पाहावा; कंपनीचें पुढें काय होणार हें पाहणारे दुसरे आहेत आणि त्यांस त्याचा पगार मिळतो. आम्हांस तर असें वाटतें कीं, 'म्हणून' ह्या शब्दाचा उगमच ह्या गोंधळांत आहे. परीक्षक पुढ्यांतल्या खेळाचें माप घेतों म्हणतो आणि घेतो यंत्राच्या भविष्याचें.

मग करावें काय? कारखानदारांस आमचें सांगणें असें कीं, दहा कच्च्या खेळांची यादी लांबविण्यापेक्षां एक पक्का खेळ हातीं येईपर्यंत यंत्र थांबवावें. मायक्रोसॉफ्टनें २०२० सालीं अर्धेंच शहाणपण दाखविलें. जुलैंत दाखविलेल्या 'हेलो इन्फिनिट'च्या नमुन्यावर टीकेची झोड उठली, तेव्हां ऑगस्टांत तिनें तो खेळ पुढें ढकलला, आणि तो ८ डिसेंबर २०२१ रोजीं आला. हें योग्यच झालें. पण यंत्र मात्र ठरल्या वेळीं, १० नोव्हेंबर २०२० रोजींच निघालें. खेळ थांबूं शकतो आणि यंत्र थांबूं शकत नाहीं, म्हणजे ह्या धंद्यांत नवरा कोण आणि वऱ्हाडी कोण हें स्पष्ट झालें!

आणि यंत्राची ओळख करून देण्यापुरताच जो खेळ केलेला असतो, त्याचे पैसे घेऊं नयेत. सोनीनें प्लेस्टेशन ५ मध्यें 'ॲस्ट्रोज प्लेरूम' हा छोटा खेळ यंत्रांतच भरून फुकट दिला. तो निष्कपट आनंदाचा होता. त्याच मंडळींनीं त्यांतून वाढविलेला 'ॲस्ट्रो बॉट' २०२४ सालीं गेम अवॉर्ड्सच्या समारंभांत वर्षाचा सर्वोत्तम खेळ ठरला. निन्टेन्डोनें मात्र २०१७ सालीं 'वन-टू-स्विच' ही नव्या यंत्राच्या करामतींची ओळखपरेड अमेरिकेंत पन्नास डॉलरला विकली. आणि ५ जून २०२५ रोजीं स्विच २ आणलें तेव्हां त्या यंत्राच्या अंगोपांगांची माहिती देणारा 'वेलकम टूर' दहा डॉलरला ठेवला. कुलूप विकत घेणाराकडून किल्ली कशी फिरवावी हें सांगण्याचे वेगळे पैसे घेण्यासारखें हें झालें.

परीक्षकांस आमची विनंति एवढीच कीं, त्यांनीं 'म्हणून' हा शब्द एक वर्षभर गहाण टाकावा. खेळ चांगला असेल तर चांगला म्हणावा, वाईट असेल तर वाईट. त्याच्या जन्मदिवसाची सवलत त्याला देऊं नये. किंमतींत सवलत नसेल तर मापांत सवलत कशाला?

राहतां राहिले गिऱ्हाईक, म्हणजे आपण. नव्याचे नऊ दिवस ही म्हण आपल्या घरोघर आहे. ह्या बाजारांत मात्र ती उलटी वाचावी लागते. येथें पहिले नऊ दिवस सर्वांत हलके, आणि यंत्राचें खरें सुख तिसऱ्या-चौथ्या वर्षीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनीं रचलेला 'राजी' हा आपल्या पुराणकथांच्या वातावरणांतला खेळ स्विचवर आला तो १८ ऑगस्ट २०२० रोजीं, म्हणजे यंत्राला तीन वर्षें उलटून गेल्यावर. ज्या लहान मंडळींकडून कांहीं निराळें येण्याची आशा, त्यांस पहिल्या दिवसाच्या पंक्तीला पाट क्वचितच मिळतो. म्हणून थांबणारा गिऱ्हाईक हा पैशांनींच नव्हे, रुचीनेंहि शहाणा ठरतो. पुरे पैसे साठवावे, नांवाजलेले चार खेळ तयार झालेले पाहावे, आणि मग दुकानाची पायरी चढावी.

मुलांना हें पटविणें कठीण, हें आम्ही जाणतों. वर्गांतल्या सोबत्याकडे आज जें आहे तें आपल्याकडे दोन वर्षांनीं येणार, हें दुःख आपण मोठीं माणसें समजतों तितकें लहान नसतें. आमच्या त्या स्नेह्यांच्या मुलाला आम्हीं उपदेश केला नाहीं. "तो खेळ तुला आवडला का?" एवढेंच पुन्हां विचारलें. तो बराच वेळ हातांतल्या कागदाच्या पेटीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "नाही, काका." आईबापांनीं तें ऐकलें, कोणी रागावलें नाहीं. ज्या दिवशीं आपल्या घरांतलीं मुलें असें उत्तर न कचरतां देऊं लागतील आणि आपले परीक्षक तें छापूं लागतील, त्या दिवसानंतर कारखानदारांना नाताळापलीकडचें पंचांग पाहावेंच लागेल.